मुडीच्या दोरीचा बिब्बा

१

दिग्गीची फुला चोर आहे, असं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या पुढ्यातला चहा उचलून नेला असता. पण सांगणारा होता आमचा जीपवाला अक्षय, रोजचं गिऱ्हाईक, आणि मेल्याचा चहा तोवर पिऊन झाला होता.

"उगंच काय बोलतोस गा?" मी ओरडलो. "फुला आणि चोरी?"

"मी कुठं बोलतोय मामा? गाव बोलतंय. बियाण्याची मुडी गेली आणि तिच्या दोन्ही हातांवर बिब्बा उतलाय. आता आणि काय पाहिजे?"

रामनगरच्या स्टँडासमोर माझं हॉटेल. चार बाकडी, एक शेगडी आणि आत माझी बायको बायजा. फुला दर बाजाराला दिग्गीच्या रानातून कोनफळं आणि मुरगलाची आंबट सोलं घेऊन यायची. आधी स्वयंपाकघरात बायजाशी तासभर गप्पा मारायची आणि मग बाजारात बसायची. गेल्या बाजारी आली नव्हती. मला वाटलं, ताप-बिप असेल.

मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्याची, दोरीनं करकचून आवळलेली गोल गठडी. आत पेरायचं भात. दिग्गीच्या कुणब्यांकडं एक जुनं वासाचं भात आहे, मोगरसाळ म्हणतात त्याला. सुप्याचं धरण झालं तेव्हा फुलाच्या सासूचं माहेर पाण्याखाली गेलं. तिथून त्या बाईनं हे बियाणं डोक्यावरून आणलं आणि अख्ख्या गावाला दिलं. तेव्हापासून सगळ्या गावाची मिळून एक मुडी राखतात. ती दरसाल वेगळ्या घरात, चुलीवरच्या माळ्याला टांगतात. सुगी झाली की सगळ्यांसमोर तिच्या दोरीला बिब्ब्याचं तेल चोळतात. चोरून हात लावील त्याच्या अंगावर फोड उठतील, अशी ती व्यवस्था. दाराला कुलूप लावायची रीत त्या गावात नाही. बिब्बा हेच कुलूप.

"बुधवंतानं सांगितलंय," अक्षय म्हणाला. गावच्या पंचांतल्या मुख्याला तिकडं बुधवंत म्हणतात. "सोमवारपर्यंत मुडी दिली न्हाई, तर यंदा फुलाच्या शेतात कुणी लावणीला जायचं न्हाई आणि तिलाबी कुणी बोलवायचं न्हाई."

आतून बायजा पळीसकट बाहेर आली. "एकटी बाई लावणी कशी करंल? शेत पडून राहील की तिचं!"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकड्यावरून आमची पूर्णिमा उठली. ही माझी भाची. बेंगळुरात एका प्रयोगशाळेत असते. अंगाला सूज का येते आणि आलेली सूज जाते कशी, हे शोधायचा तिला पगार मिळतो. सुजेचा पगार! चार दिवस विश्रांतीला म्हणून आली होती.

"अक्षय," ती म्हणाली, "हातावर म्हणजे नेमकं कुठं उतलंय?"

"ते कोण बघायला गेलंय अक्का? हातावर म्हणजे हातावर."

"मामा, गल्ला मामीकडं द्या," पूर्णिमा म्हणाली. "आपण दिग्गीला जाऊया."

२

बुधवंताचं नाव झिलू. वाळलेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. यंदा मुडी त्याच्याच घरी होती, त्यामुळं चोरीपेक्षा लाजेनं तो जास्त खचला होता. चुलीच्या वर माळ्याचा आकडा रिकामा दिसत होता.

"देवळात सप्ता होता," तो सांगू लागला. "गाव सगळं तिकडं. घरी येऊन बघतो तर मुडी न्हाई. कोयत्यानं दोरी कापलेली, वरचा तुकडा तेवढा लोंबतोय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना देवळापुढं बोलावलं आणि हात बघितले. तिसऱ्या दिवशी परत बघितले. फुलाचे हात फोडांनी भरलेले. इचारलं, कशानं झालं? बोलंना. आता तुम्हीच सांगा पुंडलिकमामा, मी काय करायचं?"

"पण फुला कशाला चोरंल?" मी म्हटलं.

"तिच्या सासूचं बियाणं. मुडी आमच्याच घरात ऱ्हाऊ दे म्हणून सुगीला भांडली होती ती. साऱ्या गावानं ऐकलंय."

पूर्णिमानं विचारलं, "सप्त्याला कोण कोण नव्हतं?"

"फुला न्हवती, म्हस व्याली होती म्हणून. तिचा दीर वासू न्हवता. आणि हा पावणा."

पाहुणा ओट्यावरच होता. प्रवीण नाव, बेळगावकडचा शिकलेला मुलगा. जुनी बियाणी लिहून घेत गावोगाव फिरायचा. चोर म्हणून त्याचा चेहरा मला फार पसंत पडला. बियाण्याच्या मागावर असलेला परका माणूस! आणखी काय हवं?

"मला गावानंच ओंजळभर मोगरसाळ दिलंय," तो घाईनं पिशवी उघडत म्हणाला. "मुडी कशाला चोरू? आणि हे बघा माझे हात. चोरी झाली त्याच संध्याकाळी तो लोंबता तुकडा धरून मी फोटो काढला, झिलूअण्णांसमोर. तरी काही झालेलं नाही."

"याआधी कधी बिब्बा बघितला होता?"

"नाही. आमच्याकडं कुठं बिब्बा!"

पूर्णिमानं नुसतीच मान हलवली. "मग तो तुकडा खाली कुणी काढला?"

"वासूनं," झिलू म्हणाला. "हातानं सोडवला आणि परड्यात पुरला. मला भ्या वाटलं, कारण वासूला बिब्बा मुळीच सोसत न्हाई. ल्हान असताना नुसता झाडाखालनं गेला तरी डोळे मिटायचे त्याचे. पण काय न्हाई झालं! एक फोड न्हाई. गाव म्हणतंय, मन साफ आसलं की बिब्बाबी काय करत न्हाई."

"व्हय की," मी म्हटलं. मला ते पटलं होतं.

पूर्णिमाला पटलं नव्हतं. परड्यातून वाकून येणाऱ्या एका माणसाकडं ती बघत होती. हातपाय काटक्या, पण चेहरा पुनवेसारखा गोल आणि लालबुंद.

"हा वासू," झिलू म्हणाला. "औंदा अंग धरलंय बघा त्यानं."

३

फुलाच्या अंगणात कुणी नव्हतं. एरवी दारात चार बाया असायच्या. मला बघून ती उठली आणि हात पदराखाली घेतले. इतक्या वर्षांत तिनं माझ्यापासून कधी काही झाकलं नव्हतं.

"बायजानं बेसनलाडू दिलेत," मी म्हटलं, दुसरं काय बोलणार?

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "हातात घ्यायला येत न्हाई."

पूर्णिमा तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिनं हळूच पदर बाजूला केला. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला पाणी भरलेले फोड होते. तसेच डाव्या कुशीवर, जिथं बाया धुणं टेकवून आणतात तिथं. बोटांची पाठ मात्र स्वच्छ होती आणि बोटांच्या बेचक्यातही काही नव्हतं.

"खोबरेल लावलं का, फुलामावशी?"

"लावायला कोण हाय?" ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "वासू ल्हान आसताना त्याला मीच लावायची. सासू गेली तवा एवढासा होता. डोळे सुजून मिटले की माझा पदर धरून फिरायचा घरभर."

"आता येतो का तो?"

फुलानं अंगणापलीकडं बघितलं.

"दोरी मुठीत धरली असती तर बोटांवर उतलं असतं," पूर्णिमा म्हणाली. "हे दोरीचं नाही. हे ओलं, जड काहीतरी उराशी धरून आणलेलं आहे; धुताना बोटं साबणात वाचली. मावशी, त्या दिवसांत तुम्ही काय धुतलंत?"

फुलानं पदर ओढून घेतला.

"धुणं माझंच हुतं," ती म्हणाली. "आणि चोर म्हणायचं आसंल तर म्हणू दे गावानं. तू जा, बाळ."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "खरं सांगायला हिला काय धाड भरलीय?"

"तिला माहीत आहे मामा, चोर कोण ते," पूर्णिमा म्हणाली. दोरीवर एक धुतलेली घोंगडी अजून टांगलेली होती, पुरुषमाणसाची. अंगणाच्या पलीकडं, वासूच्या घरासमोर.

४

रात्री आम्ही झिलूकडं राहिलो. सोमवारी वासूनं आम्हाला चहा दिला आणि स्वतः चार भाकऱ्या घेऊन बसला.

"भूक लई वाढलीय," तो लाजून म्हणाला. "झोप न्हाई, पण भूक बघा! मागल्या साली तुम्ही बघितलं आसतं तर वळखलं नसतं. सांधे सगळे सुजलेले. सकाळी परसाकडं जायला रांगत जायचो, मामा. आता रानात जाऊन लाकडं आणतोय."

"कुठलं औषध?" पूर्णिमानं विचारलं.

त्यानं शिंक्यातून कागदाची पुडी काढली. भुरकट पूड. "जडीबुटी हाय. रामनगरच्या बाजाराला दत्तात्रय म्हणून वैद्य बसतो. देवमाणूस!"

देवमाणूस कसला! त्या दत्तात्रयाला मी ओळखत होतो. माझ्याच बाकड्यावर बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरायचा. पूर्णिमानं चिमूटभर पूड कागदात बांधून घेतली आणि वासूच्या हातावरचा एक काळानिळा डाग बघितला.

"कुठं लागलं?"

"कुठं लागत न्हाई, उगंच उठतंय."

परत येताना मी तिला ओहोळाकाठी थांबवलं. "आता मला सांग. मला कळंल असं सांग."

"बिब्ब्याचं तेल कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं," ती म्हणाली. "प्रथिनं आपलीच, पण तेल चिकटल्यावर शरीराच्या राखणदारांना ती परकी वाटतात. बिब्बा नवा असला तर राखणदारांना शिकायला आठवडा, दोन आठवडे लागतात. एकदा शिकले की पुढच्या वेळी दोन दिवसांत फोड."

"म्हणजे वासूला लगेच उतायला पाहिजे."

"हो ना! आता पेशीच्या आत बघा. शरीराची सगळी कामं एका लांबलचक धाग्यावर लिहिलेली असतात. तो धागा प्रथिनांभोवती गुंडाळलेला. गुंडाळी घट्ट असली की मजकूर वाचता येत नाही. राखणदारांनी हाक दिली की त्या प्रथिनांवर बारीक खुणा चिकटतात आणि गुंडाळी सैल होते. सूज आणायचा मजकूर उघडतो आणि फोड उठतात. काही औषधं खुणा पुसणाऱ्याला तिथं बोलावून आणतात. खुणा गेल्या की गुंडाळी परत आवळते."

"म्हणजे मुडीच की!" मी म्हटलं. "दोरी सैल केली की भात बाहेर, आवळली की आत."

पूर्णिमा माझ्याकडं बघतच राहिली. "मामा, मी हे परवा तासभर बोलत होते आणि पहिल्या रांगेतला माणूस घोरत होता. तुमची मुडी आधी सुचायला हवी होती."

"आणि दोरी आवळणारं औषध ते कुठलं?"

"स्टिरॉइड. योग्य वेळी, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलं तर जीव वाचवतं. पण कुणी चोरून जडीबुटीत मिसळलं तर? गोल चेहरा, भूक, झोप नाही, उगाच उठणारे डाग. पूड मी तपासायला पाठवीन, पण मला फारशी शंका नाही."

"मग वासूच्या अंगाला तेल लागलं असलं तरी..."

ती उत्तर देणार तेवढ्यात देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. मुदतीचा दिवस होता. गाव जमलं होतं आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, "ह्याच्याबी हातावर उतलंय! दोघं मिळून चोरलंय!"

प्रवीण मध्ये उभा होता, मनगट खाजवत, रडायच्या बेतात.

५

"थांबा!" पूर्णिमा गर्दीत घुसली. मीही मागून. "झिलूअण्णा, या मुलानं दोरी धरली तेव्हा तुम्ही समोर होता ना?"

"हुतो."

"चोरी व्हायच्या आधी की नंतर?"

"नंतर," झिलू म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच चेहरा बदलला. "आरं व्हय की. मग आठ-धा दिवसांनी कसं काय?"

"त्याच्या अंगाला बिब्बा नवा. ओळखायला इतके दिवस लागले. चोरी न करता त्याच्यावर उतला. मग उतला तो चोर, हे तुमचं माप चुकतंय, अण्णा. बिब्ब्याला फक्त कातडी कळते. मन साफ आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही."

माणसं आपापले हात बघू लागली. इतक्या वर्षांची रीत होती ती.

पूर्णिमानं फुलाचा हात धरून पुढं आणला आणि फोड कुठं आहेत, कुठं नाहीत ते दाखवलं. "हिनं ओलं, जड कापड धुऊन आणलंय. ज्यात कुणीतरी मुडी गुंडाळून नेली होती असं कापड."

"घोंगडं?" झिलूनं विचारलं. त्याची नजर फुलाच्या अंगणाकडं, मग पलीकडं गेली. "वासू, तुझं धुणं कोण धुतं?"

"माझंच घोंगडं हुतं ते," फुला एकदम म्हणाली.

"वैनी, घोंगडं कुठलं? तुझ्याकडं गोधडी हाय," मागून कुणी बाई म्हणाली.

वासूनं दोन्ही हात पुढं केले. "माझ्या अंगावर काय हाय? बघा की! सगळ्यांसमोर दोरी धरली, एक फोड न्हाई!"

मग पूर्णिमानं पुडी काढली आणि तिच्यात काय असावं ते सांगितलं. माझी मुडीसुद्धा सांगितली, आवळलेली दोरी आणि आतच राहिलेलं भात. वासू ऐकत होता. त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

झिलूला शांत डोक्याचा म्हणून लोक मानतात, पण आता त्याचा आवाज चढला. "मग सोपं हाय! ह्याची पूड आजपासनं बंद. उतलं की कळंल!"

"बंद! बंद!" गाव ओरडलं. एकानं पुडी हिसकून घेतली.

"ती परत द्या," पूर्णिमा म्हणाली. कुणी हललं नाही. तेव्हा ती अशी कडाडली की माझेसुद्धा पाय मागं सरकले. "परत द्या म्हणते ना! इतके महिने ही पूड घेतल्यावर शरीर स्वतःचं काम थांबवतं. एकदम तोडली तर रक्तदाब पडून माणूस मरू शकतो. उद्या सकाळी मी यांना डॉक्टरांकडं नेणार. तिथं खरं औषध मिळेल आणि हळूहळू कमी होईल. तोवर यांची पूड कुणी बंद करायची नाही."

"पण मग पुरावा?" झिलू म्हणाला.

"नाही माझ्याकडं. उतलं असतं तरी पुरावा झाला नसता, दोरी त्यांनी तुमच्यासमोर धरली होती. माझ्याकडं पुरावा नाही आणि माणूस मारून मला तो नको. फुलामावशीवरचा आळ तेवढा काढा."

तिनं पुडी घेऊन वासूच्या हातात ठेवली. तो तिच्याकडं बघत राहिला. मग फुलाच्या हातांकडं बघितलं, बहुतेक इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"गोठ्यात हाय," तो म्हणाला. "पेंढ्याखाली. येत्या बाजाराला नेणार हुतो. दत्तात्रय म्हणाला, पूड पाहिजे तर ते जुनं बियाणं आण, शेहरात कुणाला तरी पाहिजे. मी न्हाई म्हणालो. त्यानं पूड थांबवली, सांधे परत धरायला लागले; आणतो म्हणालो तवा एक पुडी दिली. परत रांगायचं मला भ्या वाटलं, अण्णा."

पुडी तो हातात फिरवत होता.

"मुडी काढली आणि दोन रात्री अंग बघत बसलो. आता उतंल, मग उतंल. उतलंच न्हाई. मला वाटलं, माझ्या आयनं आणलेलं बियाणं, तिनंच मला माफ केलं. बिब्बासुदिक चोर म्हणंना मला. आणि मग वैनीचे हात..." त्यानं फुलाकडं बोट केलं. "तिनं मुडी न्हाई चोरली, तरी तिच्यावर कसं उतलं, हे मला ठावं हुतं. तरी मी गप बसलो."

झिलूनं गावाकडं बघितलं. लावणीला न जायची शिक्षा आता दुसऱ्या घराच्या दारात आली होती.

"त्याच्या शेतात कुणी जाऊ नका म्हणशील तर मी एकटी जाईन," फुला म्हणाली. "माझं हात बरं झालं की."

झिलूनं डोक्याचं मुंडासं नीट बांधलं. मग म्हणाला, "जाऊ की सगळी. आधी मुडी आण जा, वासू. ह्या वक्ताला केळीचं पान गुंडाळून धर."

६

दत्तात्रय त्यानंतर बाजारात दिसला नाही. दिसला असता तर चहा मी त्याच्या डोक्यावर ओतला असता. पुडीत स्टिरॉइडच निघालं. पूर्णिमानं कळवायचं तिथं कळवलं आणि पुढं काय झालं ते त्या लोकांना माहीत. वासूचं औषध डॉक्टरांनी हळूहळू उतरवत आणलं, सांध्यांना दुसरं दिलं. तो काठी घेऊन चालतो, पण चालतो. चेहरा उतरून पहिल्यासारखा लांबट झाला.

मोगरसाळ पेरलं, पिकलं आणि सुगीनंतर नवी मुडी बांधली. दोरीला बिब्बा चोळायची वेळ आली तेव्हा गावात म्हणे वाद झाला, आता चोळायचा कशाला? झिलू म्हणाला, किडामुंगीला तरी लांब ठेवंल. हात बघायची रीत तेवढी त्यांनी मोडली. आणि चोळायला पुढं कोण आलं असेल? वासू! झिलूनं ओरडून सांगितलं तरी ऐकलं नाही.

त्या बाजाराला फुला आली ती वासूला बरोबर घेऊनच. मी चहा गाळत होतो. वासूनं सदऱ्याची बाही वर केली आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं. टचटचीत फोड, लालभडक.

"मामा, बघा! उतला! बिब्बा उतला!"

"दुखतंय का?"

"लई!" तो म्हणाला. हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"येड्या, हसतोस काय?" फुला त्याच्यावर खेकसली. "बायजाअक्का, जरा खोबरेल दे गं."

बायजानं वाटी आणून दिली. फुलानं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तेल लावत बसली. बाजार भरत आला होता, कोनफळांची टोपली दारातच पडून होती, पण तिला कसलीच घाई नव्हती. मी दोघांचा चहा शेगडीवर परत गरम करायला ठेवला.